आधी घरच्यांना, मग जगाला

मराठी माणसाला प्रवासाची जेवढी हौस, तेवढीच प्रवास सांगण्याची. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थान पाहून आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून वाचकांच्या हाती पडला तो १९०७ साली. आजचा प्रवासी पन्नास वर्षे तर सोडाच, पन्नास सेकंदही थांबत नाही. घाटमाथ्यावर पाऊल पडते न पडते तोच त्याचे छायाचित्र शेकडो परिचितांपर्यंत आणि हजारो अपरिचितांपर्यंत पोहोचलेले असते.

एकट्याने प्रवास करणाऱ्यांची संख्या आपल्या भोवताली वाढते आहे. मुलगी नोकरीतून आठ दिवसांची रजा काढून एकटीच स्पितीला जाते, निवृत्त काका पाठीवर पिशवी टाकून ईशान्य भारतात हिंडतात. यात नवल वाटण्याचे कारण नाही. वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या मीना प्रभु यांनी एकटीने देश पालथे घातले आणि ‘मेक्सिकोपर्व’, ‘तुर्कनामा’ यांसारख्या पुस्तकांतून ते मराठी घराघरांत पोहोचवले. एकट्या प्रवासाने आत्मविश्वास वाढतो, निर्णय घेण्याची सवय लागते आणि रोजच्या चाकोरीतून मन मोकळे होते. प्रश्न प्रवासाचा नाही. तो कोणाला, केव्हा आणि किती सांगायचा, हा आहे. आणि या प्रश्नाचा आरोग्याशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

अनोळखी माणसेच का?

‘आमचा मुलगा सगळ्या जगाला सांगतो, आम्हाला मात्र नाही,’ ही तक्रार दवाखान्यात पुष्कळदा ऐकू येते. यामागे एक साधे मानसशास्त्र आहे. २०१४ साली गस कूनी, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन या संशोधकांनी असे दाखवून दिले, की इतरांहून वेगळा, असाधारण अनुभव घेतलेली व्यक्ती नंतरच्या गप्पांमध्ये एकटी पडते. सर्वांनी जे पाहिले आहे त्यावर गप्पा रंगतात; जे एकानेच पाहिले आहे त्यावर बाकीचे ‘हो का?’ म्हणून थांबतात. म्हणून लडाखहून परतलेल्या तरुणाला घरच्या जेवणाच्या ताटावर श्रोता मिळत नाही. तो त्याला आंतरजालावर मिळतो, कारण तेथे तोच रस्ता तुडवलेली माणसे भेटतात. यात कृतघ्नता नाही, समजून घेतले जाण्याची भूक आहे.

या अनोळखी मंडळींचा उपयोगही होतो. कोणत्या गावी एकट्या स्त्रीला राहण्यास सुरक्षित घर मिळेल, कोणता रस्ता पावसात बंद पडतो, हे त्यांच्याइतके ताजे कोणी सांगत नाही. दूर मुक्कामी संध्याकाळी मन खिन्न होते तेव्हा दोन ओळींचे उत्तरही धीर देऊन जाते.

पाहणे आणि दाखवणे

परंतु सांगण्याच्या घाईची किंमतही असते. छायाचित्र काढल्याने अनुभवात रस वाढू शकतो, असे संशोधनात आढळले आहे. मात्र अलिक्सांड्रा बराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या अभ्यासाचा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे: छायाचित्र इतरांना दाखवण्यासाठी काढले, तर स्वतःसाठी काढलेल्याच्या तुलनेत त्या अनुभवाचा आनंद कमी होतो. लोकांना आपण कसे दिसू, ही चिंता त्या क्षणात शिरते.

ही चिंता कधी कधी जिवावरही बेतते. ऑक्टोबर २०११ ते नोव्हेंबर २०१७ या काळातील बातम्या तपासून केलेल्या एका भारतीय वैद्यकीय अभ्यासात सेल्फी काढताना जगभरात २५९ मृत्यू झाल्याचे आढळले. त्यांत सर्वांत मोठा वाटा भारताचा होता आणि मृत्यूंच्या कारणांत बुडणे आघाडीवर होते. पावसाळ्यात धबधब्याच्या निसरड्या काठावर पाठ करून उभे राहणाऱ्यांनी हा आकडा आठवावा. एकट्या प्रवाशाला तर ‘मागे सरक’ असे सांगणारेही कोणी नसते.

जाहीर केलेला बेत

मला वैद्य म्हणून अधिक काळजी वाटते ती जाहीर केलेल्या बेताची. माझ्या एका रुग्णाची सत्तावीस वर्षांची मुलगी एकटीच लेहला गेली होती. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब आपल्याकडच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. विमानाने थेट पोहोचणाऱ्याच्या शरीराला जुळवून घेण्यास वेळ मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तिचे डोके दुखू लागले, मळमळ सुरू झाली. पण तिसऱ्या दिवशी ५,३०० मीटरहून उंच असलेल्या खारदुंग ला खिंडीत जाणार, असे तिने सर्वांना आधीच सांगून ठेवले होते आणि लोक छायाचित्रांची वाट पाहत होते. तिने त्रासाबद्दल विचारले तेव्हा अनोळखी सल्लागारांत दोन तट पडले. कोणी म्हणाले, लसूण खा आणि नीघ. कोणी म्हणाले, आम्हीही असेच निघालो आणि पस्तावलो, तू जाऊ नकोस.

आईने फोनवरच्या आवाजावरून ओळखले आणि मला विचारले. असा त्रास होत असताना आणखी उंच जायचे नाही, हा पर्वतीय वैद्यकाचा पहिला नियम आहे. ती थांबली, लेहच्या रुग्णालयात प्राणवायूची पातळी तपासून आली आणि दोन दिवसांनी बरी झाली. ‘आज कोठेही गेले नाही,’ एवढेच तिने त्या रात्री लिहिले. तिच्या साऱ्या प्रवासात याच ओळीला सर्वाधिक आपुलकीची उत्तरे आली.

उंचावर जाणाऱ्यांनी इतके तरी ध्यानात ठेवावे. पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे ही फुफ्फुसात पाणी साचल्याची, तर तोल जाणे, बरळणे ही मेंदूला सूज आल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी तातडीने खाली उतरणे आणि वैद्यकीय मदत मिळवणे एवढेच खरे. अॅसिटॅझोलामाइड हे प्रतिबंधक औषध निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी ती आवर्जून सांगावी.

घराचा आणि जगाचा वाटा

माझ्या मते एकट्या प्रवाशाने दोन वर्तुळे स्पष्ट वेगळी ठेवावीत. घरातील किंवा मित्रांतील दोन माणसांना संपूर्ण आराखडा द्यावा: तारखा, मुक्कामाचे पत्ते, गाड्यांचे क्रमांक. रोज एक ठरलेली वेळ असावी आणि त्या वेळी एक निरोप यावा. ज्या खोऱ्यात रेंज नाही ते दिवस आधीच सांगावेत आणि निरोप आला नाही तर किती तास थांबून कोणाला फोन करायचा, हेही ठरवून ठेवावे. असा करार असला की आईला रात्रभर ‘शेवटचे कधी दिसली’ हे पाहत बसावे लागत नाही. रक्तदाबाच्या रुग्ण असलेल्या कित्येक आयांना याचा गोळीइतका गुण येतो.

जगाला सांगावे, पण ते ठिकाण सोडल्यानंतर. आजचा मुक्काम, खोलीचे चित्र, तिकिटाचे छायाचित्र आणि बंद घराची वार्ता अपरिचितांच्या हाती देण्याचे प्रयोजन नाही. उद्याचा बेत तर जाहीर करूच नये. मग तो बदलण्याची लाज वाटत नाही.

खिशात एक कागद असावा. त्यावर रक्तगट, आजार, चालू औषधे, अॅलर्जी आणि घरचा क्रमांक लिहावा. हीच माहिती फोन कुलूपबंद असतानाही दिसेल अशी ठेवता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक पाठ असावा. नेहमीची औषधे चार दिवस अधिकची घेऊन दोन पिशव्यांत विभागावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते थंड प्रदेशात अंगाजवळ ठेवावे. एकदा गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

आता एक विनंती घरच्यांना. प्रवासी फोनवर ‘पाय मुरगळला’ म्हणाला की ‘आम्ही सांगितले होते’ हे वाक्य गिळावे. ज्या घरात बोलणी बसतात त्या घराला पुढच्या वेळी केवळ हसरी छायाचित्रे मिळतात, आणि दुखणे परक्यांना कळते. परतल्यावर एक संध्याकाळ मोकळी ठेवून त्याला प्रश्न विचारावेत: कोठे भीती वाटली, काय खाल्ले, कोणी मदत केली? ऐकणारे घर मिळाले की एकटा प्रवास एकट्याचा राहत नाही.

आणि श्रोत्यांच्या यादीत आपल्या डॉक्टरांचेही नाव असू द्यावे. परतल्यानंतर काही आठवड्यांत ताप, जुलाब किंवा कावीळ झाली, तर कोठे गेला होता, कोठले पाणी प्यायलात, डास चावले होते का, हे न विचारताच सांगावे. हिवतापासारखे आजार घरी आल्यावरही डोके वर काढतात, आणि अशा वेळी प्रवासवर्णनातील दोन वाक्ये अनेक तपासण्यांचे काम करतात.