विकलेल्या आसनाची जप्ती

एकदा विकलेली वस्तू विक्रेत्याला पुन्हा हवीशी झाली आणि घेणारा ती सोडावयास राजी नसला, तर विक्रेत्यापुढे एकच सभ्य मार्ग उरतो. घेणाऱ्याचे समाधान होईल इतकी किंमत वाढवून देणे, हा तो मार्ग. हा हिशेब मंडईतील भाजीवालीस कळतो, जुन्या पुस्तकांच्या दुकानदारास कळतो. कळत नाही तो जगातील मोठमोठ्या विमान कंपन्यांना. सुट्टीचे व सणासुदीचे दिवस आले की आपल्याकडील हजारो कुटुंबे विमानाने प्रवासास निघतात. कोणी लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीस जाते, कोणी लग्नाकार्यासाठी नागपूर वा दिल्लीपर्यंतच. हाती पक्के तिकीट आहे त्या अर्थी जागा आपली, अशी या सर्वांची प्रामाणिक समजूत असते. ती कितपत खरी आहे याची चर्चा पहिल्या पानावर व्हावी, इतके तिचे महत्त्व आहे असे आम्हांस वाटते.

या प्रश्नाचे सर्वांत उघडेवाघडे दर्शन जगास घडले ते ९ एप्रिल २०१७ रोजी, अमेरिकेतील शिकागोच्या ओहेअर विमानतळावर. युनायटेड एअरलाइन्सच्या नावाने, तिच्या एका सहयोगी कंपनीकडून चालविले जाणारे ३४११ क्रमांकाचे विमान लुईव्हिल शहरास निघाले होते. प्रवासी आपापल्या जागी बसले होते. तेवढ्यात असे निघाले की, पुढील एका उड्डाणासाठी सहयोगी कंपनीचे चार कर्मचारी लुईव्हिलला पोहोचविलेच पाहिजेत. चार आसने हवी होती आणि एकही रिकामे नव्हते. जो आपखुशीने उतरेल त्यास प्रथम चारशे व मग आठशे डॉलर देऊ करण्यात आले. तेही रोख नव्हेत, तर त्याच कंपनीच्या पुढील प्रवासासाठी वापरावयाचे. कोणी उठले नाही. रविवार होता, दुसऱ्या दिवशी प्रत्येकास आपापल्या कामावर जावयाचे होते. मग कंपनीने स्वतःच चार प्रवासी निवडले. तिघे उतरले. चौथे एक वयस्क डॉक्टर होते. सकाळी आपणास रुग्ण तपासावयाचे आहेत, असे सांगून त्यांनी जागा सोडण्याचे नाकारले. तेव्हा विमानतळाचे सुरक्षा अधिकारी बोलाविण्यात आले. त्यांनी त्या गृहस्थांना आसनावरून उपटून काढले आणि दोन रांगांमधल्या वाटेवरून, पाठ जमिनीला व हात वर अशा स्थितीत फरपटत नेले. त्यांचे नाक मोडले, पुढचे दोन दात पडले, मेंदूस मार बसला, असे त्यांच्या वकिलांनी पुढे सांगितले. सहप्रवाशांच्या हातांतील फोनने हे सारे टिपले नसते, तर ही घटना एका चौकोनी तक्रार-अर्जापलीकडे गेली असती की नाही, याची आम्हांस शंकाच आहे.

हा प्रकार 'जादा तिकीटविक्री'चा म्हणून गाजला. पण त्या विमानाची तिकिटे जागांहून अधिक विकली गेलीच नव्हती, हे कंपनीनेच पुढे सांगितले. तंटा होता तो प्रवाशाची निकड मोठी की कंपनीच्या नोकरांची, एवढाच. शिकागोहून लुईव्हिल सुमारे पावणेपाचशे किलोमीटर. मोटारीने पाच तासांची वाट. चार नोकरांना एका भाड्याच्या गाडीत बसवून देणे कोणासही सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. पैशाची गोष्ट तर आणखी विलक्षण. मर्जीविरुद्ध उतरविलेल्या प्रवाशास त्या वेळच्या अमेरिकन नियमानुसार १,३५० डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागत असे. आपखुशीने उतरणाऱ्यास किती द्यावे यावर तर कायद्याची कोणतीच कमाल मर्यादा नव्हती. तरीही कंपनी आठशेवर थांबली. बाराशेला, दोन हजाराला कोणीतरी उठलेच असते. प्रत्येक विमानात असा एखादा विद्यार्थी वा निवृत्त गृहस्थ असतोच, ज्यास एका रात्रीची घाई नसते. त्या चार-सहाशे डॉलरांच्या काटकसरीपायी हे घडले.

त्यानंतरचे भाषेचे नाटक तर विसरण्याजोगे नाही. कंपनीचे मुख्याधिकारी ऑस्कर म्युनोझ यांनी पहिल्या निवेदनात, काही प्रवाशांना 'री-अकॉमोडेट' करावे लागले, याबद्दल दिलगिरी दर्शविली. म्हणजे त्यांची अन्यत्र सोय लावावी लागली! शाळेत काही वर्षे भाषा शिकविण्यात घालविल्यामुळे असेल, पण हा शब्द आम्हांस त्या चित्रफितीइतकाच बोचला. ज्यांची गावे धरणाच्या पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या वाट्यास 'पुनर्वसन' हा भारदस्त शब्द तेवढा आला, त्यांना या भाषेची ओळख निराळी करून द्यावयास नको. नोकरवर्गास लिहिलेल्या पत्रात म्युनोझ यांनी त्या जखमी प्रवाशासच भांडखोर ठरविले. लोकक्षोभ अनावर झाला तेव्हा मात्र त्यांनी बिनशर्त क्षमा मागितली. त्याच वर्षी जनसंपर्क व्यवसायाच्या एका मान्यवर नियतकालिकाने त्यांना उत्कृष्ट संवादक म्हणून गौरविले होते, हा त्यातला विनोद. महिना संपण्यापूर्वी त्या डॉक्टरांशी तडजोड झाली, तिची रक्कम गुप्त राहिली, आणि यापुढे आपखुशीने उतरणाऱ्यास दहा हजार डॉलरपर्यंत देऊ, अशी घोषणा कंपनीने केली. आठशेवर अडलेली तिची बुद्धी दहा हजारांवर गेली ती एका माणसाचे दात पडल्यावर.

आता जादा तिकीटविक्रीच्या मूळ प्रथेकडे वळू. तिच्या बाजूनेही काही म्हणण्यासारखे आहे आणि ते न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिकीट काढलेल्यांपैकी काही प्रवासी येत नाहीत. कोणी आजारी पडतो, कोणाचे आधीचे विमान चुकते. उडालेल्या विमानातील रिकामे आसन हे मंडईतल्या कालच्या पालेभाजीहूनही निरुपयोगी. ते उद्या विकता येत नाही. म्हणून किती जण येणार नाहीत याचा जुन्या अनुभवावरून अंदाज बांधून कंपन्या तितकी तिकिटे अधिक विकतात. अंदाज बरोबर ठरला तर विमान भरून जाते, भाडीही काहीशी आवाक्यात राहतात. हे सारे मान्य. पण न आलेल्या प्रवाशाचे पैसे बहुतेक वेळा परत मिळत नाहीत, किंवा मिळालेच तर नाममात्र मिळतात, हे कोण सांगणार? एकाच आसनाचे मोल दोघांकडून घेतले जाते, आणि दोघेही हजर झाले तर मात्र हिशेब चुकल्याचा दंड एका प्रवाशाने भरावयाचा. पैज कंपनीची, जिंकली तर नफा कंपनीचा, हरली तर पायउतार प्रवाशाने व्हावयाचे! शिवाय हा प्रवासी कोण हेही नशिबावर सोडलेले नसते. भाड्याचा वर्ग, कंपनीचा नेहमीचा ग्राहक असल्याचा शिक्का, विमानतळावर नोंद केल्याची वेळ, अशा कसोट्या लावल्या जातात. ज्याने स्वस्तातले तिकीट काढले आणि जो वर्षातून एकदाच उडतो, त्याच्यावर प्रथम कुऱ्हाड.

एका सदनिकेचे साठेखत दोघांशी करणाऱ्या बिल्डरास आपण काय म्हणतो? नाट्यगृहाच्या खिडकीवर प्लॅनमधील एकच खुर्ची दोघांना विकली गेली, तर तिसऱ्या घंटेच्या आत व्यवस्थापकाची काय अवस्था होईल, हे मराठी प्रेक्षकास सांगावयास नको. ज्या रेल्वेस आपण उठल्याबसल्या दोष देतो, तिचा व्यवहार या बाबतीत कितीतरी सरळ आहे. जागा नसेल तर ती तिकिटावरच 'प्रतीक्षा यादी' असे छापते. अर्धी जागा असेल तर 'आरएसी' म्हणून एका बाकावर दोघांना बसविते, पण ते आधी सांगून. पक्क्या तिकिटाचा अर्थ तेथे पक्के तिकीट असाच आहे.

या प्रश्नाचे उत्तर नवीन शोधून काढावयाचे आहे, असेही नाही. ज्यूलियन सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने ते १९६८ साली लिहून ठेविले होते. विमान भरले तर प्रवाशांनाच विचारा की किती घेऊन मागे राहाल. जो सर्वांत कमी मागेल त्यास ते देऊन ठेवून घ्या. ज्यास घाई आहे तो जाईल, ज्यास पैसा हवा आहे तो राहील, रुसवा कोणाचाच नाही. कंपन्यांनी ही सूचना हसण्यावारी नेली. पुढे १९७२ साली ग्राहक-चळवळीचे अग्रणी रॅल्फ नेडर यांनाच अलेघेनी एअरलाइन्सने पक्के तिकीट असताना विमानात घेतले नाही. एका सभेस जाण्यासाठी ते निघाले होते. जादा विक्रीची गोष्ट लपवून ठेवणे ही फसवणूक आहे, असा दावा त्यांनी लावला, आणि तो न्यायालयात चालू शकतो, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली दिला. ज्यास विमानात घ्यावयाचे नाही असा माणूस निवडण्यात त्या कंपनीने दाखविलेले दुर्दैव खरोखर असामान्य म्हटले पाहिजे! १९७८ मध्ये, आल्फ्रेड कान हे विमान वाहतूक मंडळाचे अध्यक्ष असताना, आधी स्वेच्छेने उतरणारे शोधावेत असा नियम झाला. २०१६ या एका वर्षात अमेरिकेच्या मोठ्या कंपन्यांच्या विमानांतून चार लाखांहून अधिक प्रवासी मोबदला घेऊन आपखुशीने मागे राहिले. मर्जीविरुद्ध ज्यांना ठेवावे लागले ते सुमारे चाळीस हजार. किंमत थोडी आणखी चढविली असती तर या चाळीस हजारांतले कितीजण उरले असते?

शिकागोच्या घटनेत आम्हांस सर्वांत गंभीर वाटते ती मात्र निराळीच गोष्ट. प्रवासी आणि कंपनी यांच्यातील तंटा हा दोन करारबद्ध पक्षांतील दिवाणी तंटा होता. प्रवाशाने चोरी केली नव्हती, कोणावर हात उगारला नव्हता. अशा वेळी एका पक्षाने शहराच्या गणवेशधारी नोकरांना हाक मारावी आणि त्यांनी करार कोणाच्या बाजूचा आहे हे न पाहता दुसऱ्या पक्षास ओढून न्यावे, हे कोणत्या कायद्यात बसते? त्यांपैकी दोघांची नोकरी पुढे गेली. ज्या कंपनीच्या हाकेवर ते आले तिचे मुख्याधिकारी आपल्या पदावर राहिले. अमेरिकेने उशिरा का होईना, धडा घेतला. २०१८ च्या कायद्यास अनुसरून २०२१ मध्ये असा नियम झाला की, एकदा प्रवाशास विमानात प्रवेश दिल्यावर केवळ जागा कमी पडते म्हणून त्यास उतरविता येणार नाही. सुरक्षितता, आरोग्य वा गैरवर्तन अशी कारणे असतील तरच गोष्ट निराळी. युरोपीय संघाने तर २००५ पासूनच अंतर पाहून अडीचशे, चारशे वा सहाशे युरोची भरपाई लागू केली आहे, मग तिकीट कितीही स्वस्तातले असो.

आपल्याकडे काय आहे? नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम २०१० साली आले व २०१६ साली सुधारले गेले. त्यांतही कंपनीने प्रथम स्वेच्छेने जागा सोडणारे विचारावेत असे म्हटले आहे. पण त्यांना काय द्यावे हे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर ठेविले आहे. मर्जीविरुद्ध मागे ठेविलेल्यास एका तासाच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आत दिले तर एकेरी मूळ भाडे व इंधन आकार यांच्या दुप्पट, परंतु दहा हजार रुपयांपर्यंतच. त्याहून उशीर झाला तर चौपट, परंतु वीस हजारांपर्यंतच. या दोन 'परंतु'ंनी नियमाचा सगळा जीव काढून घेतला आहे. दिवाळीच्या आदल्या दिवशी नातलगांकडे निघालेल्या चौघांच्या कुटुंबास ऐन वेळी दुसरे तिकीट काढावे लागले म्हणजे या आकड्यांचे मोल कळते. बरे, एवढे तरी मिळते काय? जून २०२२ मध्ये महासंचालनालयाने एअर इंडियास दहा लाख रुपये दंड केला, तो वैध तिकिटाच्या प्रवाशांना विमानात न घेता नियमाची भरपाईही न दिल्याबद्दल. कारवाई योग्य झाली; पण दंड सरकारजमा होतो, फलाटावर राहिलेल्याच्या खिशात तो जात नाही.

आमची मागणी लांबलचक नाही. आसनांहून अधिक तिकिटे विकली जातात हे तिकीट घेतानाच, ठळक मराठीत व हिंदीत, प्रवाशास सांगावे. स्वेच्छेने उतरणारा मिळेपर्यंत रक्कम वाढविण्याचे बंधन कंपनीवर घालावे आणि ती रोख द्यावी. दहा व वीस हजारांच्या कमाल मर्यादा काढून तेथे किमान मर्यादा बसवावी. आणि बसलेल्या प्रवाशास जागेच्या कारणावरून उठविता येणार नाही, हे निःसंदिग्ध शब्दांत लिहून, त्याची एक प्रत विमानतळावर पहारा देणाऱ्या प्रत्येक जवानाच्या हाती ठेवावी.