रंगीत नकाशात आपली वस्ती कुठे?

डेंग्यूचे रुग्ण कुठल्या तालुक्यात जास्त, याचा नकाशा पाहिला की नजर आधी गडद रंगाकडे जाते. पण तो रंग कशावरून भरला, हे कोणी विचारत नाही.

2011 च्या जनगणनेत जुन्नर तालुक्याची लोकसंख्या सुमारे 3 लाख 99 हजार होती, शेजारच्या आंबेगावची सुमारे 2 लाख 36 हजार. समजा, दोन्हीकडे शंभर-शंभर रुग्ण निघाले. नुसत्या संख्येवर रंग भरला तर दोन्ही तालुके सारखेच दिसतील. लाखामागे हिशोब केला तर जुन्नरला 25 येतात आणि आंबेगावला 42. म्हणून रंग भरायचा तो प्रमाणावर. नुसती संख्या दाखवायची असेल तर लहानमोठी वर्तुळे काढावीत. नकाशा शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी एवढे पहिल्याच दिवशी गाठीला बांधावे.

तरीही तालुक्याचा एकच रंग फसवतोच. आंबेगावच्या पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर, मुसळधार पाऊस आणि आदिवासी वाड्या. पूर्वेला मंचरची बाजारपेठ. सरासरीत दोन्ही एका रंगात बुडतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय माहिती मिळते, पण 'गावात नळ आहे' यावरून तो नळ बौद्धवस्तीपर्यंत आला की नाही, हे कळत नाही. आमच्या मते खरी मेख इथेच आहे.

तो नकाशा आपणच काढावा लागतो. चौकटीच्या वहीत रस्ता, गटार, नळ, विहीर आणि घरे मांडा. गेल्या तीन महिन्यांत ज्या घरात जुलाब झाले, तिथे प्रत्येक रुग्णामागे एक टिंब. लंडनमध्ये 1854 च्या कॉलऱ्यात डॉ. जॉन स्नो यांनी असेच केले होते. मृत्यू झालेल्या घरांपाशी त्यांनी रेघा मारल्या, आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती त्या दाटलेल्या दिसल्या. टिंबे एका नळाभोवती दाटली, तर त्या नळाशी किती घरे पाणी भरतात तेही मोजा. जास्त घरे असतील तर टिंबेही जास्त येणारच.

एक पथ्य मात्र पाळावेच. टीबी किंवा एचआयव्हीच्या रुग्णाचे घर नकाशावर कधीही दाखवू नये. वस्तीत त्याचे काय होते, हे सांगायला नको.

नकाशा तयार झाला की आशाताईंना दाखवा, जलसुरक्षकाकडून त्या नळाच्या पाण्यातले क्लोरीन तपासून घ्या. मग ग्रामपंचायतीला अर्ज द्या, नकाशाची प्रत जोडा आणि तारीख-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.