बाइंडरची पावती

आमच्या नगरच्या घरी शनिवारी संध्याकाळी आईचा एक कार्यक्रम ठरलेला असे. (कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले आहे, जिभेवर मात्र अजून नगरच येते.) दुसऱ्या दिवशीच्या उपासनेसाठी कपड्यांना इस्त्री झाली, बूट पुसून झाले, की ती पदराला हात पुसत विचारी, "कोणाचं काही राहिलंय का?" राहिलंय म्हणजे देणे. वाण्याची उधारी, शेजारणीकडून आणलेली वाटीभर साखर आणि भांडणसुद्धा! दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन असले तर ही चौकशी अधिकच कडक होई. एकदा मी मित्राचा भोवरा हरवला आणि वर "मी घेतलाच नव्हता" असे ठोकून दिले. आईने मला भर अंधारात एकट्याला त्याच्या दारी पाठवले होते.

पुढे शास्त्र वाचू लागलो तेव्हा या चौकशीचे मूळ सापडले. मत्तयाच्या शुभवर्तमानात, पाचव्या अध्यायात, येशूने सांगितले आहे की अर्पण घेऊन वेदीपाशी आलात आणि कोणाच्या मनात तुमच्याविषयी काही सलते आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवा. आधी जाऊन समेट करा, मग या. रविवारी सकाळी घरात फार धावपळ होई म्हणून आईने ते शनिवारवर आणले होते, इतकेच.

नगरच्या ख्रिस्ती घरांत असे वळण लागायला पूर्वजांचाही धाक असे. 'ज्ञानोदय' १८४२ साली आमच्याच गावात सुरू झाला. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी रचलेली पदे आम्ही दर रविवारी पेटीवर म्हणायचो. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे टिळक सांगत. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मात्र घेतला तो १९०० साली. मधल्या काळात पतीने धर्म बदलला तरी त्यांचे सोवळे सुटले नव्हते. मला 'स्मृतिचित्रे'तला सर्वांत मोठा प्रसंग त्यांच्या बाप्तिस्म्याचा वाटत नाही. देवाने माणसांत जाती केल्याच नसतील असा विचार एके दिवशी त्यांच्या मनात आला आणि त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या, तो प्रसंग मोठा. विधी नंतर झाला. आधी हातात पाण्याचा पेला आला. टिळकांचे म्हणाल, तर घरात उद्याचे काय याचा विचार न करता दारी आलेल्याला पैसे देऊन मोकळे होणारा तो माणूस. संसार करणाऱ्या बाईला त्याचा किती जाच झाला असेल, हेही लक्ष्मीबाईंनी हसतहसत लिहून ठेवले आहे. उदार माणसाच्या घरच्यांनाही काही सोसावे लागते, हे प्रवचनात सहसा येत नाही.

हे सगळे पाठ असलेला मी बँकेत अधिकारी झालो.

१९९२ साल. तालुक्याच्या गावातली शाखा. पन्नास माणसांच्या रांगेत "तो ख्रिश्चन साहेब" अशी माझी ओळख. माझ्या अगोदर त्या गावाने बहुधा ख्रिस्ती माणूस पाहिला होता तो दवाखान्यात, नर्सबाईंच्या रूपात. त्यामुळे माझ्याकडून मऊ बोलण्याची अपेक्षा असे. मी रागीट होतो. आमचे कॅशियर गळ्यात तुळशीची माळ घालणारे, आषाढीला हमखास रजा टाकणारे. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

बाजाराचा दिवस होता. जुनी लेजरे बांधून घेऊन बाइंडर दारात उभा, समोर पीककर्जवाल्यांची गर्दी. मी अण्णांच्या खिडकीतून हात घालून पाचशे रुपये घेतले, "व्हाउचर पाठवतो" म्हणालो, बाइंडरला दिले, त्याची पावती डायरीत खोचली आणि विसरलो. संध्याकाळी कॅश जुळेना. पाचशे कमी. तीन वेळा मोजून झाल्यावर अण्णांनी चाचरत विचारले, "साहेब, सकाळी तुम्हाला काही दिलं होतं का हो?"

"मला?" मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अण्णा, कॅश सांभाळायचं काम तुमचं. दुसऱ्यांवर ढकलू नका."

नियमाप्रमाणे कमी पडलेली रक्कम त्यांनी पदरची भरली. तेव्हा पाचशे रुपये म्हणजे गंमत नव्हती.

तीन आठवड्यांनी, शनिवारी, एस.टी.ने नगरला येताना डायरीतून ती पावती मांडीवर पडली. त्या संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे विचारले, "कोणाचं काही राहिलंय का?" मी तेहतीस वर्षांचा होतो, एका मुलाचा बाप होतो. "नाही," म्हणालो. पावती शर्टाच्या खिशात होती. दुसऱ्या दिवशी मंदिरात शास्त्रपाठ वाचायची पाळी माझी होती. पाठ दुसराच होता, तो पाचवा अध्याय नव्हे. तरी आवाज बसला. पाळकसाहेबांनी नंतर सर्दीवर काढा सुचवला.

सोमवारी शाखेत गेलो तो एक युक्ती घेऊन. आपल्या खिशातले पाचशे अण्णांच्या ड्रॉवरमध्ये हळूच सरकवावेत, 'सापडले' म्हणावे. पैसे परत जातात, साहेबाचा मानही राहतो. त्या युक्तीतही एक थाप होती, आणि अण्णांनी निष्काळजीपणा केला हा ठपका तसाच राहणार होता, हे कळत असूनही मी दोन दिवस तिच्याशी खेळत होतो. बुधवारी दुपारी मॅनेजरांच्या केबिनमध्ये अण्णांना बोलावून घेतले आणि पावती टेबलावर ठेवली. मॅनेजर वैतागले; आता हे कागदोपत्री निस्तरायचे कसे, ही त्यांची काळजी. अखेर बाइंडिंगच्या खर्चाचे रीतसर व्हाउचर झाले. मग मी बाहेर येऊन, त्या दिवशी जितक्या मोठ्याने बोललो होतो तितक्याच मोठ्याने, सगळ्या स्टाफसमोर चूक माझी होती असे सांगितले. पावतीपेक्षा ते जड गेले.

अण्णा "असू द्या, साहेब" म्हणतील अशी माझी समजूत होती. ते काही म्हणाले नाहीत. नोटा त्यांनी सवयीने दोनदा मोजल्या आणि खिशात घातल्या. सुटायच्या वेळी टेबलाशी आले.

"साहेब, एकदा घरी येता का? पैसे कुठं गेले म्हणून मंडळी विचारत होती. कमी आले म्हटलं, तर तिला पटेना. मी पत्ते खेळायला लागलोय असं वाटतंय तिला. माझ्या सांगण्यानं नाही पटायचं."

गेलो. दोन खोल्यांचे घर, भिंतीवर विठोबा, लोखंडी खाटेवर मी. वहिनी आतल्या दाराशी पदर सावरून उभ्या. काय बोलायचे ते वाटेत जुळवले होते, ते सगळे विसरलो आणि सरळ सांगून टाकले: पैसे मी घेतले, मी विसरलो, आणि विचारल्यावर अण्णांनाच बोललो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले, आणि आत गेल्या. स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला. चहा आला तो धाकट्या मुलीच्या हातून.

मग आतूनच वहिनींचा आवाज आला, "अहो, गिरणीत दळण राहिलंय. आणता का तेवढं?"

बरेच दिवसांनी त्या अण्णांशी आपण होऊन बोलल्या असाव्यात. कारण मला खाटेवर तसाच बसवून अण्णा उठले आणि चपला न घालताच गिरणीकडे निघाले.