तरावीहनंतरच्या तासाभरासाठी चार मालिका

इफ्तार होते, मगरिबची नमाज होते, चहा पिऊन होईपर्यंत इशाची अजान कानावर येते. तरावीह अदा करून घरी परतेपर्यंत रात्रीचे दहा वाजून जातात. पहाटे सहेरीला उठायचे असते, पण लगेच झोप काही येत नाही. हा मधला तास आता घरोघर मोबाइलच्या हवाली झाला आहे. अंगठा सरकत राहतो, चिमूटभर लांबीचे व्हिडिओ डोळ्यांसमोरून जातात आणि सकाळी त्यातले काहीच आठवत नाही.

रोजा एकट्या पोटाचा नसतो. जिभेचा, कानांचा आणि डोळ्यांचाही असतो, असे मौलाना दरवर्षी सांगतात. म्हणूनच काही घरांत रमजानभर टीव्ही बंद ठेवला जातो. त्यांचा निग्रह आदराचा आहे. त्यांनी ही यादी ईदच्या सुट्टीसाठी कापून ठेवावी. ज्यांच्या घरी पडदा सुरू असतो, त्यांनी निदान त्यावर काय पाहायचे हे ठरवून पाहावे.

अरब देशांत रमजान हा मालिकांचाच हंगाम असतो. इफ्तारनंतर रोज एक भाग आणि महिनाभरात साधारण तीस भाग, असा तिथला रिवाज. कैरोतील एका वस्तीची कथा सांगणारी ‘लयाली अल-हिल्मिया’ किंवा २००६ पासून गाजलेली, जुन्या दमास्कसमधली ‘बाब अल-हारा’ या मालिकांचा खरा नायक मोहल्लाच आहे. आपल्याकडे असा हंगाम नाही. पण आपले मोहल्ले आणि आपली घरे दाखवणाऱ्या मालिका दूरदर्शनने एके काळी दिल्या होत्या. आज त्या मुद्दाम शोधून पाहाव्यात, याला कारण आहे.

ईदला शेजारी येतात, गळाभेट होते, शीरखुर्मा होतो. पण ही भेट बहुधा बाहेरच्या खोलीपुरती असते. आतल्या घरातली उधारी, मुलाची रखडलेली नोकरी, सासू-सुनेची धुसफूस शेजाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. मग उरते ते पडद्यावरचे चित्र. तिथे मुसलमान बऱ्याचदा दोनच रूपांत भेटतो: शेरोशायरी करणारा नवाब, नाहीतर हाती बंदूक घेतलेला खलनायक. या दोन टोकांमधला माणूस पुढच्या चार मालिकांत दिसतो.

नुक्कड (१९८६-८७)

सुरुवात इथून करावी. कुंदन शाह आणि सईद अख्तर मिर्झा यांची ही मालिका मुंबईतल्या एका कोपऱ्यावरची. वायरिंगची कामे करणारा गुरू, सायकल दुरुस्त करणारा हरी, कायम झिंगलेला खोपडी आणि सगळ्यांना चहा पाजणारा कादरभाई. कादरभाईच्या धर्मावर इथे कोणी भाषण देत नाही. त्याच्याकडे हॉटेल आहे आणि गिऱ्हाइकांकडे पैसे नाहीत, एवढीच त्याची अडचण. अजय वढावकरांनी रंगवलेला गणपत हवालदार मराठी प्रेक्षकाला लगेच घरचा वाटेल. लहान मुलांसह सगळ्या घराने एकत्र बसून पाहावी अशी ही मालिका आहे.

मिर्झा गालिब (१९८८)

गुलजार यांचे लेखन-दिग्दर्शन, नसीरुद्दीन शाह यांचा गालिब, जगजित सिंग आणि चित्रा सिंग यांचे गायन. गझलांमुळे ही मालिका बहुतेकांना ठाऊक आहे, पण ती घरासाठी पाहावी. सात मुले झाली, एकही वाढले नाही. तेच दुःख नवरा मद्यात आणि शेरात बुडवतो, तर बायको नमाज-रोजात सावरते. ही उमराव बेगम साकारली आहे तन्वी आझमी यांनी. मराठी रसिकांच्या लाडक्या उषाकिरण यांची ही कन्या.

रमजानशी गालिबचे नाते कसे होते, याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. यंदा किती रोजे ठेवले, असे बादशहाने विचारल्यावर त्याने एक ठेवला नाही, असे उत्तर दिले. एकच चुकला की एकही ठेवला नाही, हे बादशहाने समजून घ्यायचे! असा कबुली देणारा आणि हसवणारा माणूस मोहल्ल्यात आजही सापडतो. धार्मिक बायको आणि बेफिकीर नवरा एका छताखाली आयुष्य काढतात, हेही प्रत्येक धर्माच्या घरात घडते.

नीम का पेड (१९९१)

लेखक राही मासूम रझा. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारत’चे संवाद लिहिणारे तेच हे रझा. उत्तर प्रदेशातल्या एका गावात, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, जमीनदार मुस्लिम आहे आणि त्याच्याकडे राबणारा बुधई हिंदू. मुलाच्या जन्माच्या वेळी बुधई कडुनिंबाचे रोप लावतो. झाड वाढते, मुलगा वाढतो, जमीनदारी जाते आणि सत्ता नव्या हातांत येते. पण माणसाला चिरडण्याची जुनी सवय सत्तेबरोबर नव्या घरातही शिरते. पंकज कपूर यांचा बुधई विसरता येत नाही.

तमस (१९८८)

ही शेवटी पाहावी, आणि लहान मुले झोपल्यावर. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवर गोविंद निहलानी यांनी केलेली, जवळपास पाच तासांची ही मालिका फाळणीच्या दंगलींची आहे. थोड्या पैशांसाठी नत्थूकडून डुक्कर मारून घेतले जाते, ते मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते. कोण पेटवतो आणि कोण जळतो, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी दाखवले असेल.

तिच्यावर बंदीची मागणी झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन आणि न्या. सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रसारणाला मोकळीक दिली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला.

यात सुरेखा सिकरी यांची राजो आवर्जून पाहावी. एका वृद्ध शीख जोडप्याला ती घरात लपवते. तिचा नवरा लुटीची पेटी घेऊन येतो, ती त्याच जोडप्याची निघते. राजो मोठे काही बोलत नाही. दारात आलेल्याला परत पाठवायचे नाही, एवढेच तिला कळते. या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दूरदर्शनच्या जुन्या मालिका यूट्यूबवर आणि प्रसार भारतीच्या ‘वेव्ह्ज’ या अॅपवर नाव टाकून शोधाव्यात. चित्र जुने असेल, वेग संथ वाटेल. दोन भागांनंतर त्याची सवय होते. रोज एकच भाग पाहावा, म्हणजे सहेरी चुकणार नाही.

इफ्तारला शेजाऱ्यांना बोलावण्याची रीत आपल्या गावात आहेच. यंदा खजूर, भजी आणि सरबत झाले की त्यांना लगेच निरोप देऊ नये. ‘नुक्कड’चा एखादा भाग लावून त्यांना आतल्या खोलीत बसवावे.