ब्रेकची नळी गंजली, तर दोष कुणाचा?

आजचा विषय पेन्सिलीपेक्षा बारीक असलेल्या एका नळीचा आहे. गाडीच्या पोटाखालून जाणारी ब्रेकची नळी, गॅरेजमध्ये जिला 'ब्रेक पाइप' म्हणतात ती. ही नळी गंजून फुटली, तर तो गाडीतला दोष मानायचा, की वयोमानाने झालेली झीज? वरवर पाहता प्रश्न तांत्रिक वाटतो. पण दुरुस्तीचे पैसे कोण देणार आणि धोका मालकाला कळवण्याची जबाबदारी कुणाची, हे या एका उत्तरावर ठरतं. त्यासाठी आम्ही अमेरिकेतली दोन प्रकरणं निवडली आहेत. गंज तोच, रस्तेही तेच, निर्णय मात्र उलटे.

आधी ब्रेक कसा लागतो ते पाहू. आपण पेडल दाबतो, तेव्हा मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ब्रेक ऑइल पुढे ढकलतो. द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही आणि बंद जागेत दाब सगळीकडे सारखा पोचतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम तो हाच. हा दाब चारही चाकांपर्यंत नेण्याचं काम ही नळी करते. बहुतेक मोटारींत ती पोलादाची असते, बाहेरून जेमतेम ४.७५ मिलिमीटर जाड, आणि तिची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ. टायरमध्ये आपण दोन-अडीच बार हवा भरतो. जोरात ब्रेक दाबला, तर या नळीतला दाब ७० ते १०० बारपर्यंत जाऊ शकतो.

यातून एक वाईट गोष्ट निघते. नळीवर सगळ्यात जास्त दाब कधी येतो? अचानक समोर कुणी आलं आणि आपण जीव खाऊन ब्रेक मारला, तेव्हा. म्हणजे गंजून कमजोर झालेली नळी रोजच्या हलक्या ब्रेकला तग धरते, आणि नेमकी गरजेच्या क्षणी फुटू शकते.

कुणी विचारेल, मग ब्रेक पूर्णच जातो का? सहसा नाही. आजच्या मोटारींत ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असतात. काही गाड्यांत पुढच्या चाकांचा एक आणि मागच्यांचा एक, तर काहींत तिरपे जोडलेले. एक फुटला तरी दुसरा चालतो. पण पेडल एकदम खोल जातं, ताकद बरीच कमी होते आणि गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. सिग्नलला पुढच्या गाडीपासून हातभर अंतरावर थांबणाऱ्याला एवढं 'जास्त अंतर' पुरेसं महाग पडतं.

आता गंजाकडे येऊ. अमेरिकेच्या उत्तर आणि ईशान्य भागात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. या पट्ट्याला तिथे 'सॉल्ट बेल्ट' असंच म्हणतात. न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट हे सगळं त्यातच येतं, आणि आपली कितीतरी मराठी कुटुंबंही तिथे राहतात. मीठ ओल धरून ठेवतं आणि मिठाच्या पाण्यात लोखंड लवकर गंजतं. त्यात नळी क्लिपखाली किंवा एखाद्या कवचाआड असेल, तर तिथे चिखल साचतो आणि गंज वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

पहिलं प्रकरण २०१४ सालचं. सुबारू कंपनीने अमेरिकेत सुमारे ६ लाख ६० हजार गाड्यांचं रिकॉल जाहीर केलं. लेगसी, आउटबॅक, इम्प्रेझा, फॉरेस्टर अशी मॉडेलं त्यात होती. इंधनाच्या टाकीच्या संरक्षक कवचातल्या फटीतून मिठाचं पाणी ब्रेकच्या नळ्यांवर उडत होतं आणि त्या जागी जास्त गंज धरत होता. उपाय साधा होता. नळ्या तपासायच्या, गळती असेल तर बदलायच्या, आणि ठरलेल्या जागी गंजरोधक मेणाचा लेप द्यायचा. हे सगळं मालकाला फुकट. रिकॉल देशभर नव्हतं, मीठ टाकणारी २० राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन एवढ्यापुरतंच होतं.

दुसरं प्रकरण याहून खूप मोठं. जनरल मोटर्सचे १९९९ ते २००३ मॉडेलचे पिकअप ट्रक आणि एसयूव्ही, सुमारे ५० लाख गाड्या. तिथेही नळ्या गंजून फुटत होत्या, तक्रारी हजारोंनी आल्या. अमेरिकेच्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१० साली चौकशी सुरू केली, २०११ मध्ये ती आणखी खोलात नेली, आणि एप्रिल २०१५ मध्ये बंद केली. रिकॉल झालं नाही. प्रशासनाचं म्हणणं असं, की ही वयोमानाची झीज आहे आणि त्याच काळातल्या इतर कंपन्यांच्या गाड्यांतही ती दिसते. मालकांना सल्ला मिळाला: हिवाळ्यात गाडी खालून धूत जा, जुनी गाडी तपासून घ्या. नळ्या बदलायच्या तर स्वतःच्या खिशातून.

दोन्हीकडे गंजच होता, मग फरक कुठे पडला? सुबारूच्या बाबतीत बोट ठेवता येईल अशी एक जागा होती. फट आहे, तिच्यातून पाणी येतं, म्हणून इथे गंजतं. जनरल मोटर्सच्या बाबतीत कारण सगळीकडे पसरलेलं होतं: मीठ, वय, आणि तेव्हाचा नळीवरचा लेप. कायदा 'दोष' आणि 'झीज' यांत रेघ ओढतो. टायर, ब्रेक पॅड झिजणारच, ते कंपनी फुकट देत नाही. तेव्हा प्रशासनाच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण तिथल्या ग्राहक संघटनांनी टीका केली, तिच्यातही तथ्य आहे. पॅड झिजतो हे मालकाला माहीत असतं, तो आवाज करतो, ठरलेल्या वेळी आपण बदलतो. ब्रेकची नळी अमुक वर्षांनी बदला असं मालकाला सहसा कुणी सांगत नाही. जी वस्तू गाडीच्या आयुष्यभर टिकेल असं आपण धरून चालतो, ती न सांगता झिजली, तर तिला नुसती झीज म्हणून सोडून द्यायचं का? आमच्या मते या रेघेवर आणखी बोलायला हवं.

रिकॉल या शब्दाने घोटाळा होतो. कंपनी गाडी काढून घेत नाही. बोलावते, दोष दुरुस्त करते आणि परत देते. अमेरिकेत ही दुरुस्ती १५ वर्षांपर्यंतच्या गाडीला मोफत मिळते. ही मर्यादा आधी १० वर्षं होती, २०१५ च्या कायद्याने वाढली.

भारतात २०१२ पासून वाहन उत्पादकांची स्वेच्छेची रिकॉल पद्धत होती. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात ११०-अ हे कलम आलं, आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता सरकार रिकॉलचा आदेश देऊ शकतं, १० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. ज्या कंपनीने स्वतः दोष ओळखून रिकॉल सुरू केलं, तिला दंडातून सूट आहे. हे नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी आहेत. आणि ब्रेकसाठी रिकॉल आपल्याकडेही होतात बरं का. ऑक्टोबर २०२२ मध्ये मारुतीने ९,९२५ वॅगन आर, सेलेरिओ आणि इग्निस मागच्या ब्रेकमधल्या एका पिनसाठी बोलावल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये यामाहाने सुमारे ३ लाख स्कूटर पुढच्या ब्रेकच्या लिव्हरसाठी.

मग आपण काय करायचं? एक, कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून रिकॉल आहे का ते पाहायचं. सेकंड हँड गाडी घेतली असेल तर नक्कीच, कारण कंपनीच्या नोंदीत आपलं नाव नसेल तर फोन जुन्या मालकाला जाईल. दोन, ब्रेक ऑइलची पातळी. पॅड झिजतात तशी ती सावकाश उतरते, पण भराभर उतरली तर गळती समजायची. वरून ऑइल ओतून वेळ मारून नेऊ नये. तीन, पेडल मऊ लागलं, खोल गेलं, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली, तर गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा. चार, कोकणच्या किनाऱ्यावर गाडी ओल्या वाळूत घातली असेल, तर घरी आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. मीठ तिथलं असो की इथलं, लोखंडाला सारखंच.

आणि चालत्या गाडीत पेडल खाली गेलंच, तर घाबरून पाय काढू नका. पेडल भराभर दाबत राहा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा. बऱ्याच गाड्यांत तो तारेवर चालतो, ऑइलच्या नळीवर नाही.

दोष की झीज हा वाद सरकार आणि कंपन्यांच्या पातळीवर चालतच राहील. त्याचा निकाल लागेपर्यंत नळी आपल्याच गाडीखाली आहे. पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली, की मेकॅनिकला एवढंच म्हणा, 'जरा बॅटरी मारून ब्रेक पाइप बघा.'