कणकुंबीचा पाऊस कुठे जातो?

बेळगावहून जांबोटीमार्गे पणजीला जाताना आपण बहुतेकजण कणकुंबीला चहापुरते थांबतो आणि पुढे चोर्ला घाट उतरतो. भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्याचा पाय मात्र तिथून लवकर निघत नाही. माउली देवीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे. ते पाणी खानापूर, सौंदत्ती करीत कूडलसंगमाला कृष्णेत मिसळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. तिथूनच जवळ उगवणारा कळसा नाला पश्चिमेला वळतो, म्हादईला मिळतो आणि मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्र गाठतो. मधला जलविभाजक म्हणजे काही उंच सुळका नव्हे. चालत ओलांडलात तरी ध्यानात येणार नाही.

म्हादईचा उगमही आपल्या खानापूर तालुक्यातलाच, भीमगडच्या रानातला. इथे वर्षाला साडेतीन-चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवरच्या सौंदत्तीला तो सहाशेच्या आतबाहेर असतो, आणि मलप्रभेचे नविलुतीर्थ धरण नेमके तिथे आहे. म्हणजे धरण कोरड्या मुलखात आणि त्याची भिस्त या ओल्या कोपऱ्यावर.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर नद्या उभ्या कोसळतात, म्हणून त्या डोंगर मागे मागे कोरत जातात आणि कधी पूर्वेच्या नदीचा माथाच तोडून घेतात. पुस्तकात याला ‘नदीचौर्य’ म्हणतात. वर्गात हा शब्द उच्चारला की मुले हसतात. चोरीचा आरोप त्यांनी वेगळ्या संदर्भात ऐकलेला असतो.

तो संदर्भ सर्वांना ठाऊक आहे. २०१५ साली नरगुंद-नवलगुंदचे शेतकरी रस्त्यावर उतरले. २०१८ साली लवादाने कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. कर्नाटकाच्या वाट्यातले ३.९ टीएमसी कळसा-भांडुरा मार्गे मलप्रभेत वळवायचे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. आपल्यापैकी कित्येकांचे माहेर एका खोऱ्यात आणि सासर दुसऱ्या खोऱ्यात, त्यामुळे हा वाद जेवणाच्या पानावरही येतो. बाजू कुणाची घ्यायची ते ज्याचे त्याने ठरवावे. माझी तक्रार एवढीच, की सगळे भांडण वर्षाच्या आकड्यावर चालते आणि पाणी येते चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांचे पाणी कोण राखते, हे कुणी विचारत नाही.

ते राखते जंगल, आणि त्याखालची जमीन. दाट रानात पावसाचा मारा आधी पानांवर बसतो, मग पाचोळ्यावर. पाचोळ्याखालची माती भुसभुशीत. मुळांच्या वाटांनी पाणी खाली मुरते. सड्यांवरचा जांभा तर छिद्राछिद्रांचाच. त्यातून झिरपलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थराला अडते आणि आडवे सरकत डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर पडते. असे शेकडो झरे मिळून एक ओहोळ, आपल्या घरातली कन्नड मंडळी म्हणतात तो हळ्ळ.

झाडे स्वतःही पाणी पितात, हे खरे. रान तोडले तर वर्षाचे एकूण पाणी थोडे वाढूही शकते. पण ते लोंढ्याने येते, गाळ घेऊन येते आणि उन्हाळ्यात पात्र कोरडे ठेवते. तो गाळ शेवटी धरणातच बसतो. गोव्याच्या सत्तरीत म्हादईच्या खोऱ्यात रानजायफळाच्या पाणथळ राया आहेत. तिथल्या झाडांची मुळे श्वासासाठी चिखलातून वर येतात. बारमाही ओल असल्याशिवाय अशी राई टिकत नाही.

२०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले ते बऱ्याच जणांना वाघ-वटवाघळांसाठी वाटते. नळाच्या पाण्याशी त्याचा संबंध हुबळी-धारवाडच्या घरांतही सांगायला हवा. तिथे मलप्रभेचेच पाणी पितात.

एप्रिल-मेमध्ये खानापूरजवळ मलप्रभा डबक्यांवर येते. तेव्हा जांबोटीच्या पुढे, दाट झाडीतल्या एखाद्या ओहोळाशी जाऊन पाहा. करंगळीएवढी धार वाहत असेल, तर ते पाणी गेल्या आषाढातले आहे.