लांब शेपटीची गाडी

२०११ च्या फेब्रुवारीत, रात्री साडेनऊच्या सुमाराला, मी गाडी नेरुळच्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी आणली तेव्हा वॉचमन धावतच आला. ‘कोण आजारी आहे, साहेब?’ गाडी पांढरी, छप्पर थेट शेवटपर्यंत सरळ गेलेलं, बाजूच्या काचा लांबलचक. बिचाऱ्याला अँब्युलन्स वाटली. फाटक मात्र एरवीपेक्षा लवकर उघडलं, हे कबूल केलं पाहिजे.

ती टाटाची इंडिगो मरिना होती, २००६ च्या सप्टेंबरात नोंदलेली. मी घेतली तेव्हा साडेचार वर्षांची, रनिंग एकसष्ट हजार किलोमीटर, दिलेले पैसे एक लाख बावन्न हजार. माझं बजेट दीड लाखाचं होतं, वरच्या दोन हजारांवरून घरात आठवडाभर बोलणं झालं. आज मागे वळून बघताना वाटतं, त्या पैशात एवढी गाडी मिळाली याचं श्रेय माझ्या घासाघिशीला नव्हतंच. ती गाडी कुणालाच नको होती, म्हणून ती मला मिळाली.

हा नकोसेपणा जुना आहे. युरोपात स्टेशन वॅगन ही साध्या संसारी माणसाची गाडी. पोरं, कुत्रा, सायकली, बाजारहाट सगळं एका छपराखाली. आपल्याकडे त्याच आकाराने दोन आठवणी जाग्या होतात: दवाखान्याची गाडी आणि तिच्याहून नकोशी ती दुसरी. शिवाय आपल्या मनात मोठेपणाची व्याख्या पक्की होती. पुढे बॉनेट, मधे माणसं, मागे वेगळी डिकी. डिकी म्हणजे प्रतिष्ठा. सामान जास्त झालं तर मुंबईने उपाय शोधला होताच. काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या डोक्यावरचा कॅरिअर. त्यावर ट्रंका, वळकट्या, प्रसंगी लाकडी कपाटसुद्धा दोरीने बांधून कुर्ला टर्मिनसवरून निघालेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. छपरावर चढवायची सोय असताना छप्परच मागे कशाला वाढवायचं?

तरी कंपन्यांनी प्रयत्न केले, आणि गंमत अशी की त्यातले बरेचसे आपल्याच मुलुखात झाले. पुण्यात टेल्कोने १९९१ ला सिएरा काढली आणि पाठोपाठ १९९२ ला टाटा इस्टेट. टेल्कोच्याच पिकअपच्या सांगाड्यावरची, दोन लिटरच्या आतबाहेरचं डिझेल इंजिन, आणि त्या काळात डोळे विस्फारायला लावणारे पॉवर विंडो. नावात मात्र घोटाळा होता. मराठीत ‘इस्टेट’ म्हणजे भावाभावांत कोर्टकचेऱ्या लावणारी चीज. तिला चार चाकं असतात हे लोकांच्या पचनी पडलं नसावं. २००० च्या सुमारास ती संपली. मग कुर्ल्याहून फियाटची सिएना वीकेंड आली, गुडगावहून मारुतीची बलेनो अल्टुरा, गुजरातेतल्या हलोलहून ओपेलची कोर्सा स्विंग. औरंगाबादेत जोडली जाणारी स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी तर फारच देखणी. एकही चालली नाही. अल्टुराचं इंजिन १.६ लिटरचं, पेट्रोल पिणारं पण तगडं. ती चालवलेली माणसं अजून तिचं नाव काढलं की हळवी होतात. हळवी माणसं फार नव्हती, एवढाच तिचा प्रश्न.

२००४ ला मरिना आली. इंडिका १९९८ ची, तिला डिकी जोडून २००२ ला इंडिगो, आणि इंडिगोची डिकी काढून तिथे काचेची खोली बांधली ती मरिना. पुढे जे घडलं ते अर्थसंकल्पाने घडवलं. फेब्रुवारी २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांचं उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आलं. इंडिगो आणि मरिना चार मीटरच्या थोड्या पुढे. २००८ ला टाटांनी इंडिगोचीच शेपूट छाटून चार मीटरच्या आत बसवली आणि तिला इंडिगो सीएस म्हटलं. ती तुफान खपली. एकाच गाडीचे दोन अवतार, एकाची शेपूट वाढवली, दुसऱ्याची कापली, आणि सरकारने कापणाऱ्याला बक्षीस दिलं. मरिना गुपचूप बंद झाली. २०१२ ला मारुतीची अर्टिगा आणि रेनोची डस्टर आली; ज्यांना जागा हवी ते एकीकडे गेले, ज्यांना रुबाब हवा ते दुसरीकडे, आणि मधली गाडी कायमची बाद झाली.

मी या बाद मालाच्या शोधात होतो असं मुळीच नाही. मला साधी डिझेल इंडिगो हवी होती. पण २०११ ला इंडिगोला टुरिस्टवाल्यांची प्रचंड मागणी, त्यामुळे तशीच, त्याच सुमाराची डिकीवाली गाडी दोन लाखांच्या खाली कुणी दाखवत नव्हतं. दाखवली ती एकाने, वाशीकडच्या एका डीलरने, एक लाख साठला. चकचकीत. सीटकव्हरं नवी, डॅशबोर्डवर पॉलिश, आत मोगऱ्याच्या सेंटचा घमघमाट. सेंट इतका का, हा प्रश्न माझ्या शिरवण्याच्या मेस्त्रींना पडला, मला नाही. त्यांनी इंजिनाकडे बघितलंही नाही. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा हातभर पट्टा काळाभोर, त्याच्याखाली सरळ रेघ, आणि रेघेच्या खाली मातकट. मग सीटखाली हात घालून रेलचे स्क्रू चाचपले आणि बोटं मला दाखवली, तांबेरलेली. ‘२६ जुलै,’ एवढंच म्हणाले. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि गळ्यापर्यंत बुडलेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढची कितीतरी वर्षं बाजारात फिरत राहिल्या. धुता येत नाही ती जागा म्हणजे गुंडाळून बसलेल्या पट्ट्याचं पोट.

तेव्हापासून गाडी बघायला कुणी बोलावलं की मी आधी पट्टा ओढतो. लोक हसतात.

मरिना कळली ती मेस्त्रींच्याच ओळखीतून. निगडीचे एक काका, निवृत्त, मुलगा बंगळुरूला, गाडी उभीच. मी म्हटलं, ती अँब्युलन्ससारखी दिसणारी? मेस्त्री म्हणाले, ‘अहो, दिसते कशी ते सोडा. खालून इंडिकाच आहे. इंडिकाचा पार्ट पानाच्या टपरीवरपण मिळेल.’ स्वस्त जुनी गाडी घेण्याचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. दिसायला दुर्मीळ असल्याने भाव पडलेला, आणि इंजिन, गिअर, ब्रेक मात्र गल्लोगल्ली टॅक्सीत धावणारे. याच्या उलट गाडी, म्हणजे दिसायला सगळ्यांना हवीशी आणि पार्ट परदेशातून येणारे, ती घेणारा माणूस दोनदा पैसे मोजतो.

काकांनी कागद दाखवायला घेतले. आरसी, विमा, पीयूसी, आणि मग दाराआडच्या खिळ्यावरून कालनिर्णयचा गठ्ठा काढला. पाच वर्षांची कालनिर्णय. प्रत्येक चौकटीत दुधाचे खाडे, मोलकरणीची रजा, आणि त्याच्याच खाली बारीक अक्षरात ‘डि. ३० लि., २१४४०’, ‘ऑइल बदल’, ‘मागचे ब्रेक शू’. २००९ च्या एका संकष्टीच्या चौकटीत ‘क्लच, ४१२००’ असं होतं. मी गाडीच्या मीटरकडे नंतर बघितलं. मागे फिरवलेला मीटर पकडायला लोक पेडलचं रबर बघतात, स्टिअरिंगची झिलई बघतात. इथे पाच वर्षांचे आकडे एकामागून एक, दुधाच्या हिशोबासकट वाढत आले होते. इतकं खोटं कुणी लिहीत नाही. डिकीखालचं स्टेपनी टायर मी तरी उलटून पाहिलं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२८०६’. म्हणजे २००६ चा अठ्ठाविसावा आठवडा, गाडीच्या जन्माशी जुळणारा. एकदाही न वापरलेलं.

काका स्वतः गाडी घेऊन नेरुळला आले. मेस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवून इंजिन गार होऊ दिलं, तोवर चहा झाला. मग गार इंजिनावर सेल्फ मारला. चालू इंजिनात ऑइलचं झाकण उघडून तळवा धरला. बॅक कंप्रेशन असेल तर तिथून धूर भकाभका येतो. आला नाही. मग बेलापूरहून पारसिकच्या टेकडीचा चढ, चौघं आत बसून, दुसऱ्या गिअरमध्ये. क्लच घसरला असता तर इंजिन ओरडलं असतं आणि गाडी तिथेच राहिली असती. वर पोचल्यावर काका खाडीकडे बघत म्हणाले, ‘आमच्या हिला बसवून एकदा कोकणात नेली होती.’ मी किमतीत आणखी खाली आणायचं ठरवून आलो होतो. तो विषय मग मी काढला नाही.

कागदांचं काम तेव्हाही सोपं नव्हतं. फॉर्म २९, फॉर्म ३०, पिंपरी-चिंचवडच्या आरटीओची एनओसी, मग वाशी. राज्यातल्या राज्यात नंबर बदलत नाही, म्हणून गाडी शेवटपर्यंत एमएच-१४ च राहिली आणि पाम बीचवर सिग्नलला कुणीही ‘पुण्याचे का?’ विचारायला मोकळा राहिला. पुढे २०१५ ला हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली, आणि तिकडच्या गाड्या इकडे मातीमोल भावात दिसू लागल्या, तेव्हा दोन मित्र पाघळले. एनओसी, इथला रोड टॅक्स, नवा नंबर, सगळं जमवून एकाने शेवटी माझ्याहून महाग गाडी घेतली.

घरी आल्यावर पहिलं काम टायमिंग बेल्ट. चांगला दिसत होता, तरी बदलला. तुटला तर इंजिनाचे व्हॉल्व्ह घेऊन जातो, आणि जुन्या गाडीत बेल्टवर कुणाचा शब्द ग्राह्य धरू नये, कालनिर्णयचासुद्धा.

त्यानंतरची वर्षं सांगायची तर ती भाद्रपदातच मोजावी लागतील. आमचा गणपती पेणचा, शाडूचा. आधी तो टेम्पोने यायचा, तीन घरांचे तीन, शेजारी शेजारी. २०११ ला पहिल्यांदा मरिनाची मागची सीट आडवी पाडली, जुनी गादी अंथरली, आणि मूर्तिकाराने स्वतः टेप लावला. मागच्या दाराची चौकट, मग मूर्ती मुकुटापर्यंत. चार बोटं उरली. त्या चार बोटांवर पुढे आमची मूर्ती कायमची ठरली: दरवर्षी तेवढीच. सासूबाई सीटच्या कडेला बसून पाटाला हात लावून, गणपतीच्या चेहऱ्यावर रुमाल, आणि खारपाड्याच्या पुलापासून पळस्प्यापर्यंतचे खड्डे मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एकेक करून उतरवत आणायचो. डिकीवाल्या गाडीत गणपती मांडीवर येतो. आमचा ऐसपैस बसून आला. मे महिन्यात त्याच जागेत रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या, आणि मग आठवडाभर गाडीत पेंढा.

झळ बसली ती शेपटीचीच. २०१६ ला सोसायटीत पाण्याच्या टँकरने मागे घेताना डावा मागचा दिवा फोडला. इंजिन इंडिकाचं, पण दिवा फक्त मरिनाचा. पानाच्या टपरीवर तो मिळेना. चार रविवार कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घालवले. तिथे दुकानांच्या आत पोटमाळ्यावर दरवाजे, बंपर, दिवे सुकट टांगल्यासारखे टांगलेले असतात, आणि दुकानदार गाडीचं नाव ऐकल्याबरोबर वर न बघता ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणतो. ‘मरिना’ म्हटल्यावर तिघांनी वर बघितलं. चौथ्याकडे उजवा होता. पाचव्या रविवारी डावा मिळाला, काच किंचित पिवळी पडलेली. गाडी तेव्हापासून मागून जरा तिरपी बघते. मागच्या दाराला तोलणारे गॅसचे शॉक २०१९ ला गेले. त्यांच्यासाठी मी कुर्ल्याला गेलोच नाही. झाडूचा दांडा कापला, टोकाला रबर लावलं. दार वर, दांडा खाली.

सप्टेंबर २०२१ ला पंधरा वर्षं भरली. नोंदणीचं नूतनीकरण तेव्हा सहाशे रुपये, वर पर्यावरण कर. मेस्त्रींनी गाडी तपासणीला तयार केली आणि ती पास झाली. पुढच्याच एप्रिलपासून सहाशेचे पाच हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी दहा हजार. सप्टेंबर २०२५ ला छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी अठरा टक्क्यांवर आल्यावर जुन्यांचे भावही खाली आले. म्हणजे माझ्या गाडीची किंमत आणि तिला जगवायचा खर्च एकमेकांकडे सरकतायत. मेस्त्री आता थकलेत, दुकान मुलगा बघतो. तो म्हणाला, ‘काका, भंगारात द्या. सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीवर सूट मिळते.’ हिशोब त्याचा बरोबर आहे. नवी कुठली घेऊ विचारलं तर त्याने एका उंच गाडीचं नाव घेतलं. मी दुकानासमोर उभ्या असलेल्या तशाच एका गाडीची मागची चौकट त्याच्याच टेपने मोजली. रुंदी भरपूर. उंचीला तीन बोटं कमी.

नोंदणी २१ सप्टेंबर २०२६ ला संपते. चतुर्थी १४ ला आहे. पेणला मूर्ती सांगून ठेवली आहे, मोजमाप तेच.